कबीकज, कसर आणि कातडे

जुन्या कलमी किताबांच्या पहिल्या किंवा शेवटच्या कोऱ्या पानावर कधी कधी दोनच शब्द लिहिलेले आढळतात : 'या कबीकज'. अरबस्तानापासून हिंदुस्थानापर्यंत अनेक कातिबांनी ते लिहिले आहेत. कोणी म्हणे कबीकज हा झुरळांचा बादशहा, कोणी म्हणे जिन्न. बादशहाचे नाव पानावर दिसले की त्याची प्रजा किताबाला तोंड लावत नाही, अशी समजूत. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा निघाले असे की, कबीकज हे मुळात एका विषारी झाडाचे फारसी नाव. पिवळ्या फुलांचे, जिभेला चटका देणारे झाड. आधी बहुधा त्या झाडाचा पालाच पानांत ठेवत असावेत. पुढे झाड मिळेनासे झाले, नुसते नाव उरले आणि नावालाच लोक हाका मारू लागले.

हा किस्सा आम्हाला आवडतो तो हसण्यासाठी नव्हे. किताब कसरीपासून वाचवायचा तर त्यात काहीतरी घालावे लागते, आणि जे घातले ते किताबाच्या अंगात राहते, हे त्या कातिबांना ठाऊक होते. आपल्या काळात आपण पाल्याऐवजी गोळ्या, फवारे आणि वायू घातले. त्यांनी किडीचे काय केले हे सर्वांना माहीत आहे. कातड्याचे, रेशमाचे आणि सरसाचे काय केले, हे फारसे कोणी विचारले नाही.

आमच्यावर हा विचार करण्याची पाळी एका जुजदानामुळे आली. मालवणच्या किनाऱ्यावरील आमच्या पिढीजात घरात एक कलमी कुरआन आहे. बकऱ्याच्या तांबूस चामड्याची जिल्द, तिला पुढे वळणारी जीभ, आत हिरव्या-सोनेरी गोलांच्या खुणा. वर रेशमी जुजदान, त्याला जरीचा काठ. आमच्या दादीने पानांत एक मोरपीस ठेवले होते. मोरपिसाने कसर येत नाही असे त्या काळच्या सगळ्याच बायका मानीत. २०११च्या पावसाळ्यानंतर घराच्या तुळयांना वाळवी लागली, म्हणून आम्ही फवारणी करणाऱ्यांना बोलावले. त्यांनी जाता जाता किताबांच्या कपाटातही धान्यात ठेवतात तसल्या गोळ्या ठेवून दार चिकटपट्टीने बंद केले. आम्ही हरकत घेतली नाही. उलट मनात म्हटले, बरे झाले, एका खर्चात दोन कामे झाली. आठवड्याने कपाट उघडले. कसर मेली होती. जरीचा काठ काळा पडला होता.

त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. हा वायू माणसालाही तितकाच घातक असतो आणि राहत्या घरात या गोळ्या ठेवणे हा निव्वळ जिवाशी खेळ आहे, हे आम्हाला नंतर कळले. फॉस्फीन तांबे, पितळ, चांदी यांना गंजवतो, दमट हवेत तर विशेष. जरीत तांबे-चांदीच असते. चामड्याला आणि रेशमाला मात्र त्याने फारसे काही केलेले दिसले नाही. म्हणजे जे आपल्याला नाजूक वाटते ते तगले आणि जे टिकाऊ वाटते ते गेले. कोणता वायू कोणत्या वस्तूला काय करतो याचा हिशेब वेगळाच असतो, ही आमची पहिली शिकवण. ती महागात पडली.

आता हा हिशेब थोडा मुळापासून पाहू.

आपल्या किताबांत आणि वस्तूंत प्राण्याच्या अंगाचे किती काही असते, याची यादी केली तर नवल वाटते. जिल्द चामड्याची. पाठीला लावलेला सरस हाडा-कातड्याचा. जुजदान रेशमाचे. जुन्या रीतीच्या कागदावर 'आहार' चढवून मोहऱ्याने घोटत. त्या आहारात खळीबरोबर कधी अंड्याचा पांढरा बलकही असे. मोरपीस, लोकरीची जानमाज, रातिबाच्या वेळी वाजणाऱ्या दफाचे कातडे, हे सगळे प्रथिन. पण प्रथिन म्हणजे एकच वस्तू नव्हे. कातड्यातले प्रथिन कोलॅजन. त्याचे तीन धागे दोरखंडासारखे एकमेकांत पिळलेले असतात. लोकर, केस आणि पिसे यांतले केराटिन. त्याचे धागे गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांना शिवलेले असतात. रेशमात गंधक जवळजवळ नाहीच.

कपडे खाणारा पतंग आणि कातडे-पिसे खाणारा भुंगेरा यांच्या अळ्यांची करामत अशी की, त्यांच्या पोटातला रस हे गंधकाचे टाकेच उसवतो. इतर बहुतेक प्राण्यांना लोकर पचत नाही ती याच टाक्यांमुळे. (दादीचे मोरपीस म्हणजे कसरीला पहारेकरी नव्हे, मेजवानीच. पण दादीला हे सांगण्याची हिंमत आमच्यात तेव्हाही नसती.) आणि मौज अशी की, माणसाने ज्या वायूवर सर्वांत जास्त भरवसा ठेवला, तोही नेमका याच गंधकाच्या मागे लागतो.

तो वायू म्हणजे मिथिल ब्रोमाइड. त्याचा कीटकनाशक गुण १९३२ साली फ्रान्समध्ये ध्यानात आला. गोदामे, जहाजे, मग वस्तुसंग्रहालये असा त्याचा प्रवास झाला. तो झिरपतो फार चांगला, लाकडाच्या पोटापर्यंत जातो, म्हणून लोकप्रिय झाला. पण लोकर, फर, पिसे, काही चामडी यांना धुरी दिल्यावर त्यांतून कुजक्या कांद्यासारखा वास सुटू लागला, आणि तो जाता जाईना. वायू गंधकाशी जुळून नवे दुर्गंधी संयुग तयार करीत होता. वास हे फक्त बाहेरून कळणारे चिन्ह. आत प्रथिनाची घडणच बदललेली असे. पुढे त्याच्यावर बंधन आले ते मात्र वस्तूंच्या काळजीने नव्हे, आकाशाच्या काळजीने. ओझोनच्या थराला तो खातो म्हणून १९८७च्या माँट्रियल कराराच्या यादीत १९९२ साली त्याचे नाव गेले. श्रीमंत देशांनी २००५पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर थांबवला. बंदरांवरील मालाच्या निर्जंतुकीकरणापुरती सूट राहिली.

दुसरा वायू इथिलीन ऑक्साइड. ग्रंथालयवाल्यांचा हा लाडका, कारण तो किडीबरोबर बुरशीही मारतो. कॅलिफोर्नियाच्या हंटिंग्टन ग्रंथालयाने १९३०च्या दशकात लोखंडी टाकीतली हवा काढून तीत हा वायू सोडण्याची रीत बसवली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही अशी निर्वात धुरीची कोठी आली. कागदाला त्याने फारसा धक्का लागत नाही. कातड्याची गोष्ट वेगळी. हा वायू प्रथिनाच्या धाग्यावर जिथे जिथे मोकळा हात दिसेल तिथे जाऊन चिकटतो, कायमचा. शिवाय चामड्यातल्या तेलात तो मुरतो आणि नंतर आठवडेच्या आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतो. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात टाकले. धुरी दिलेली जिल्द दुसऱ्या दिवशी मांडीवर घेऊन वाचत बसणाऱ्या ग्रंथपालांचा विचार तोवर कोणी फारसा केला नव्हता.

फॉर्मेलिनबद्दल एकच वाक्य पुरे : ते कातड्याला पुन्हा कमावते, म्हणजे धाग्यांना एकमेकांशी असे जखडते की लवचीक वस्तू ताठ होते आणि परत मऊ होत नाही.

या वायूंच्या आधीचे जग भुकटीचे आणि लेपाचे होते. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकूर नावाच्या औषधविक्याने पक्ष्यांची कातडी टिकवायला सोमलाचा साबण बनवला आणि त्याची कृती हयातभर गुप्त ठेवली. नंतर ती फुटली आणि पुढची दीडदोनशे वर्षे जगभरच्या संग्रहालयांतले भरलेले पक्षी-प्राणी सोमलानेच टिकले. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या साहेबलोकांना किताबांवर पाऱ्याच्या क्षाराचे, मर्क्युरिक क्लोराइडचे पाणी फिरवण्याचा सल्ला दिला जाई. आपले जिल्दसाज खळीत मोरचूद घालीत; काही अजूनही घालतात. मोरचुदाने खळ किडत नाही हे खरे, पण त्यातले तांबे कागदाला आणि चामड्याला वर्षानुवर्षे जाळत राहते. सोमल, पारा, तांबे यांचा एक गुण वायूंपेक्षा वेगळा आहे. ते जात नाहीत. शंभर वर्षांनीही बोटाला लागतात.

अमेरिकेत १९९० साली कायदा झाला की, मूळ रहिवाशांच्या पवित्र वस्तू संग्रहालयांनी त्यांच्या जमातींना परत कराव्यात. होपी जमातीला आपल्या धार्मिक विधीतल्या वस्तू अशा परत मिळाल्या. संग्रहालयाच्या लेखी त्या काचेआडच्या वस्तू होत्या. होपींच्या लेखी त्या अंगावर धारण करण्याच्या, विधीत वापरण्याच्या. तपासणी केली तर त्यांवर सोमल निघाला. कोणीतरी केव्हातरी कीड लागू नये म्हणून चोळलेला, कोठेही नोंद न केलेला. वस्तू घरी आली, पण तोंडाजवळ नेण्याची सोय उरली नाही.

हे वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसून होतो. आपण कुरआन शरीफ उचलले की ओठांना लावतो, डोळ्यांना लावतो. लहान मूल तर आधी जिल्दच चाटते. आपल्या जुन्या जिल्दींवर कोणी केव्हा काय फिरवले याची नोंद कोणाकडे आहे?

याच जिल्ह्यात असाच प्रश्न विचारता येईल असे दुसरे घर आहे, कुडाळजवळ पिंगुळीला. तिथल्या ठाकर समाजाकडे चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांच्या आश्रयाने ही कला वाढली. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गोठ्याच्या जागेत 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे छोटे संग्रहालय उभे केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चामड्याची बाहुली म्हणजे खरवडून पातळ केलेले, भोके पाडलेले, रंगवलेले कातडे. मागे दिवा धरला की पडद्यावर राम-रावणाची सावली पडते. ही बाहुली काचेआड ठेवून भागत नाही. ती हातात धरावी लागते, दिव्याजवळ न्यावी लागते, पोराला शिकवावी लागते. तिच्यावर विष चोळणे म्हणजे खेळ करणाऱ्याच्या हातावर विष चोळणे.

शिवाय हे कातडे जिल्दीच्या चामड्यासारखे नव्हे. जिल्दीचे चामडे झाडाच्या सालीने कमावलेले असते. बाहुलीचे आणि दफाचे कातडे फक्त खरवडून ताणून वाळवलेले, चर्मपत्रासारखे. कातडे ओल्या उष्णतेत एका ठरावीक अंशाला एकदम आकसते, कोलॅजनचा पीळ सुटतो आणि मागे सरस उरतो. सालीने कमावलेल्या चांगल्या चामड्यात हा अंश ७५ ते ८५ सेल्सिअसच्या आसपास असतो, कच्च्या कातड्यात साठच्या जवळपास, आणि जुने, सडत आलेले कातडे चाळिशीतही आकसू शकते. युरोपात ५५ अंश उष्णतेने लाकडी सामानातली कीड मारण्याची रीत आहे. लाकडाला ती मानवते. बाहुलीला ती दिली तर कीड मरेल आणि रावणाची दहा तोंडेही गोळा होतील. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्यावर किताब वाळत घालण्याची आपल्याकडची चाल याच कारणाने आम्हाला पसंत नाही. सावलीतला वारा पुरतो.

इथे कोणी म्हणेल, थोडी घडण बदलली, डोळ्यांना दिसत तर नाही, मग एवढा घोर कशाला? त्याला उत्तर इतिहासाचे आहे. २०१५ साली इंग्लंडच्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या कुरआनच्या दोन चर्मपत्री पानांचा काळ जाहीर झाला, तेव्हा आपल्याकडच्या उर्दू-मराठी वृत्तपत्रांतही ती बातमी होती. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेने किरणोत्सारी कार्बनवरून ते कातडे इ.स. ५६८ ते ६४५ या काळातले ठरवले. म्हणजे ज्या जनावराचे ते कातडे, ते पैगंबर साहेबांच्या हयातीत किंवा तिच्या अगदी जवळपास जगले होते. हा निकाल शाईने दिला नाही, प्रथिनातल्या कार्बनने दिला. आता विचार करा : इथिलीन ऑक्साइडसारखे वायू जमिनीतल्या तेलापासून बनतात. त्या तेलातला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, मोजणीच्या दृष्टीने मेलेला. तो कातड्याच्या धाग्याला कायमचा चिकटला, तर तत्त्वतः ते कातडे आहे त्याहून जुने भासेल. नमुना धुऊन घेतात, पण जे धाग्याशी जुळून बसले ते धुतल्याने निघत नाही.

त्याच २०१५च्या सुमारास इंग्लंडच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी चर्मपत्रावर नुसते खोडरबर फिरवून, त्या चुऱ्यातल्या प्रथिनावरून कातडे वासराचे, मेंढीचे की बकऱ्याचे हे ओळखण्याची युक्ती काढली. पिंगुळीच्या जुन्या बाहुल्या हरणाच्या कातड्याच्या आणि नंतरच्या बकऱ्याच्या असे सांगतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तर हरणाचे कातडे बंदच झाले. कोणती बाहुली कोणत्या कातड्याची, हे उद्या कोणी खोडरबराच्या चुऱ्यावरून सांगू शकेल. ही ओळख प्रथिनाच्या तुकड्यांच्या वजनावर चालते. वायूने त्या तुकड्यांना शेपट्या लावून ठेवल्या तर वजने बिघडतात. आनुवंशिक द्रव्य, ज्याला डीएनए म्हणतात, ते तर अशा वायूंनी आणि गॅमा किरणांनी आणखीच लवकर मोडते. आमच्या कुरआनची जिल्द कोकणातल्या बकऱ्याची की सुरतेहून जहाजाने आलेली, हे आम्हाला कोणीच सांगू शकले नाही. जिल्दीला स्वतःला ते ठाऊक आहे. तिला निदान बोलता येईल एवढी तरी आपण ठेवावी.

मग करावे काय? कोकणात जून ते सप्टेंबर हवा पाण्याने जड असते, भिंतीला हात लावला तर ओला होतो. किडीला अशी हवा मानवते आणि बुरशीला त्याहून जास्त. लोबानाच्या धुराने घराला सुगंध येतो, कसर जात नाही. कडुलिंबाचा पाला आणि वेखंड थोडा आडोसा करतात, पण पाला ओला राहिला तर तोच बुरशीचे घर होतो. डांबरगोळ्यांच्या वासाने कसर दूर राहते म्हणावे तर तो वास माणसालाही अपायकारक, आणि त्याने आत बसलेली अळी मरतेच असे नाही.

संग्रहालयांनी १९९०नंतर जो रस्ता धरला तो विषाचा नाही. वस्तू हवा न शिरणाऱ्या पिशवीत घालून आतला प्राणवायू काढायचा, त्या जागी नायट्रोजन भरायचा आणि तीन-चार आठवडे तसेच ठेवायचे. प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की अंड्यासकट कीड गुदमरते. नायट्रोजन प्रथिनाशी काहीच करीत नाही. एक दोन रंग, विशेषतः प्रशियन निळा, प्राणवायूविना फिके पडतात, तेवढी खबरदारी. दुसरा रस्ता थंडीचा : पिशवीत घट्ट बंद करून उणे २० अंशांत दोन आठवडे, किंवा उणे ३० अंशांत तीन दिवस, बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरते. ज्या किनाऱ्यावर सुरमई-पापलेटासाठी बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे उभी आहेत, तिथे ही थंडी दुर्मिळ नाही. अर्थात कलामे-पाक मासळीच्या शीतगृहात न्यावे असे आम्ही म्हणत नाही. अदब नावाचीही काही चीज आहे. दफ मात्र एकदा नेऊन पाहायला हरकत नाही. पण दफ चौकटीवर ताणलेला असतो, तेव्हा जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय तेही नको. जिथे सोनेरी वेलबुट्टी आणि जाड रंग आहेत, तिथे तर मुळीच घाई नको. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचे केंद्र आहे. लखनौला १९७६पासून सांस्कृतिक संपदेच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. विचारायला जागा आहेत. आपणच जात नाही.

या दोन्ही उपायांचा एक दोष सांगायलाच हवा. ते मागे काहीच ठेवीत नाहीत, म्हणून कीड पुन्हा येऊ शकते. सोमलाचा पहारा शंभर वर्षे चालतो, नायट्रोजनचा पिशवी उघडेपर्यंत. म्हणजे पहारा माणसालाच करावा लागतो : महिन्यातून एकदा कपाट उघडणे, जुजदान झटकणे, जिल्दीच्या सांध्यात बारीक भुसा दिसतो का पाहणे. ज्या घरात किताब रोज उघडला जातो तिथे कसर कमी असते, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. आमच्या घरी तो वर्षातून एकदा, रमजानमध्ये उघडला जाई. एरवी उंच फळीवर, अदबीने, विसरलेला.

आमच्या कुरआनवर आम्ही नंतर काही केले नाही. जिल्दीच्या आत एक मऊ कोरा कागद घातला आणि तिच्या मापाची पुठ्ठ्याची पेटी करून घेतली. मोरपीस काढून काचेच्या बाटलीत ठेवले. जुजदान फेकवले नाही. काळ्या काठासकट तेच आहे. शेवटच्या पानावर कबीकजचे नाव आहे का ते पाहिले, नव्हते. त्या जागी शिसपेन्सिलीने लिहिलेली एक वेगळी चिठ्ठी ठेवली आहे : ऑक्टोबर २०११, कपाटात फॉस्फीनच्या गोळ्या, सात दिवस; जरी काळी पडली; त्याआधी काय वापरले ते घरात कोणाला आठवत नाही.